पिल्लाआधी त्याची आई बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

परीक्षा संपल्या की घरोघरी पोरं कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट धरतात. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो, पण गल्लीच्या लेखी अजून 'डॉक्टर'च आहे. पूर्वी लोक पिल्लू आणायच्या आधी विचारायला यायचे. आता मोबाइलवर फोटो बघून पैसे पाठवतात आणि पिल्लू आजारी पडलं की येतात.

खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घेताना आपला माणूस दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, गाय कुणाच्या दावणीची ते विचारतो आणि मगच रुमालाखाली हात घालून भाव ठरवतो. तोच माणूस पिल्लू मात्र फोटोवर घेतो!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या मुलानं असंच लॅब्राडोर मागवलं. विकणाऱ्यानं पैसे आधी घेतले आणि पिल्लू भाजीच्या कॅरेटमध्ये घालून ट्रॅव्हल्सनं पाठवलं. पहाटे पेठनाक्यावर उतरवून घेतलं. सांगितलं होतं दोन महिन्यांचं. मी तोंड उघडून बघितलं, तर पुढचे दात आणि सुळे नुकते फुटलेले, दाढांचा पत्ता नाही. जेमतेम महिन्याचं असेल. सोबत लसीचं कार्ड होतं. त्यावर दोन डोस, एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेले. बाटलीचं स्टिकर नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. पहिल्या डोसच्या तारखेला त्या पिल्लाचे डोळे तरी उघडले होते की नाही, शंकाच आहे. आठवडाभरात उलट्या, मग रक्ताची हगवण. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा विषाणूचा आजार. सलाईन लावूनही वाचलं नाही. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद.

मुलाची आई बिचारी अंगण फिनेलनं धूत होती. पार्व्होचा विषाणू फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं. आणि मातीत तो कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे पहिलं गेलं म्हणून लगेच त्याच अंगणात बिनलसीचं दुसरं आणणं म्हणजे त्यालाही मरणाच्या दारात नेणं.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि एका मादीकडून वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही. नोंदणी विचारली की उत्तर ठरलेलं: "धंदा नाही हो, घरगुती आहे." घरगुती आहे ना, मग घरी बोलवा की! नाक्यावर कशाला भेटायचं?

घरी गेलात की आधी आई दाखवा म्हणा. तिची कास दुधानं उतरलेली आहे का, पिल्लं तिच्याकडे धावतात का, ती खंगलेली आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. कार्डावरच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावा. आई "गावाला पाठवलीय" असं उत्तर आलं तर गाडी वळवा. पोरं रडतील, रडू द्यात. व्यवहार पटला तरी पैसे पिल्लू हातात आल्यावरच द्यावेत. आधी पाठवून फसलाच असाल, तर लाजून गप्प न बसता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि पिंजऱ्यातला देशी पोपट कुणी कितीही स्वस्तात देवो, घेऊ नका. त्याची खरेदी-विक्रीच काय, तो पाळणंसुद्धा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

आता एक विनंती आपल्यालाही. 'लॅब, पग पिल्ले मिळतील, संपर्क' अशा छोट्या जाहिराती वर्तमानपत्रांतूनही येतात. अशी जाहिरात घेताना विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीत छापावा. नसेल त्याची जाहिरात घेऊ नये. आपलं उत्पन्न थोडं घटेल, याची कल्पना आहे.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, आष्टा (जि. सांगली)