रात्रपाळीत क्रियापद शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात सर आमच्या वॉर्डात दाखल होते आणि तुम्ही रात्री त्यांच्या उशाशी बसत होतात, तेव्हा तुम्ही मला जे शिकवले त्याचे आभार मानायचे राहून गेले. वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टरांना मी ते सगळे सांगते, आणि ते माझ्याच डोक्यातून आले आहे असे त्यांना वाटते. ते मला बरे वाटत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून झाली. पहाटे दोनच्या सुमारास एका रुग्णाचा ताप चढला, मी डॉक्टरांना फोन केला आणि रात्रीच्या अहवालात लिहिले, ‘डॉक्टर हॅज इन्फॉर्म्ड’. सकाळची पाळी घेणाऱ्या सिस्टरांनी त्याचा अर्थ डॉक्टरांनीच काहीतरी कळवले आहे असा घेतला आणि काय कळवले ते शोधण्यात अर्धा तास घालवला. मला बोलणी बसली. तुम्ही थर्मास भरायला बाहेर आला होतात, ते वाक्य वाचून तुम्ही म्हणालात, “मराठीत ‘डॉक्टरांनी कळवले’ आणि ‘डॉक्टरांना कळवले’ यांत ‘नी’ आणि ‘ना’ एवढाच फरक आहे. आपण विभक्तीकडून जे काम करून घेतो, ते इंग्रजीत इथे ‘बीन’ करतो. डॉक्टर हॅज बीन इन्फॉर्म्ड.” वीस वर्षे नोकरी करून मला ते कोणी इतक्या सरळ सांगितले नव्हते.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पहिलीपासून ते २००० साली आले. बारा काळांचा तक्ता मी पाठ केला होता, पण तो तक्ताच राहिला. तुम्ही टीपीआर चार्टच्या, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास नोंदवायच्या तक्त्याच्या, कोऱ्या पाठीवर माझ्याच कामातले एक क्रियापद घेतले आणि त्याची चारच रूपे लिहिलीत : चेक, चेक्स, चेक्ड, चेकिंग. शेजारी ‘तपासणे’ मांडलेत, तर तपासते, तपासतेस, तपासतात, तपासीन, तपासशील, तपासतील असे करत कागदाची ती बाजू भरली. मी नाडी तपासली, रक्तदाब तपासला, डोळे तपासले, असे आपले क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते; इंग्रजीत मात्र सगळीकडे एकच ‘चेक्ड’. इतके अवघड क्रियापद रोज न अडखळता बोलणाऱ्या बाईला चार रूपांची भीती वाटावी, याचे तुम्हाला हसू आले, आणि मलाही.

मग तुम्ही नेमक्या माझ्या चुकांवर बोट ठेवलेत. ‘पेशंट कम्प्लेन ऑफ पेन’ यात मी शेवटचा एस नेहमी खात असे. ‘डिड नॉट कम्प्लेन्ड’ असे मी बेधडक लिही. त्यावर तुमचे म्हणणे असे, की भूतकाळाचे ओझे एकानेच उचलायचे असते, ते ‘डिड’ने उचलले की ‘कम्प्लेन’ने मोकळ्या हातांनी यावे. ‘सकाळपासून उलट्या होत आहेत’ हे मराठी वाक्य अगदी बरोबर असल्यामुळेच मी ‘इज व्हॉमिटिंग सिन्स मॉर्निंग’ लिहीत होते. इंग्रजीत ‘पासून’ आले, की मागे सुरू झालेली गोष्ट आतापर्यंत आणून सोडणारे ‘हॅज बीन’ लागते, हे त्या रात्री पहिल्यांदा उमगले. आणि वेळ लिहायची असेल तर साधा भूतकाळ, ‘आय चेक्ड द ड्रिप ॲट टू’; वेळ महत्त्वाची नसून काम झाले आहे एवढेच सांगायचे असेल तर ‘आय हॅव चेक्ड द ड्रिप’. आमच्या अहवालात प्रत्येक नोंदीला वेळ लागते, त्यामुळे माझी निम्मी ‘हॅव’ त्या दिवसापासून गळाली.

उच्चारांचा भाग मला सर्वांत आवडला. लिहिताना शेवटी तेच ईडी, पण ‘चेक्ड’चा उच्चार ‘चेक्ट’ होतो, ‘क्लीन्ड’मध्ये ड राहतो आणि ‘ॲडमिटेड’मध्ये मात्र वेगळे अक्षर ऐकू येते. कठोर व्यंजनापुढे ट, मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ड, आणि मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड असेल तर इड. ‘वाक्’ आणि ‘देवी’ मिळून ‘वाग्देवी’ होते तसाच हा प्रकार, असे तुम्ही म्हणालात. फक्त आपल्याकडे पुढच्या मृदू वर्णाने मागच्याला बदलले आणि तिथे मागच्याने पुढच्याला. व्याकरणाच्या तासाला संधी शिकताना कंटाळलेली मी रात्री साडेतीन वाजता त्याच संधीवर खूश झाले होते!

स्पेलिंगचेही तसेच. ‘ॲडमिट’ला जोर शेवटी, म्हणून ‘ॲडमिटेड’मध्ये टी दोनदा, ‘व्हिजिट’ आणि ‘व्हॉमिट’ला जोर आरंभी, म्हणून तिथे एकदाच.

सगळीच क्रियापदे अशी सरळ का नाहीत, असे मी कुरकुरले तेव्हा तुम्ही सांगितलेत की ‘हेल्प’सुद्धा एके काळी वाकडे होते, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात त्याचे ‘होल्पन’ हे रूप आहे. पुढे ते ‘हेल्प्ड’ होऊन रांगेत आले. आज भाषेत नवे क्रियापद शिरले की तेही बहुधा याच रांगेत उभे राहते, म्हणून एक नियमित क्रियापद नीट आले की हजारो येतात, हा तुमचा हिशेब मी नव्या मुलींना आवर्जून सांगते.

बाई, सरांच्या आजारपणाची काळजी डोक्यावर असताना तुम्ही परक्या माणसाला इतका वेळ दिलात. त्यानंतर माझ्या अहवालावरून सकाळी कोणी मला परत बोलावलेले नाही. तुमचा तो चार्ट मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ड्युटी टेबलाच्या खणात ठेवला आहे. कालच एकीने ‘व्हॉमिटेड’मध्ये दोन टी लिहिले, तेव्हा तो पुन्हा बाहेर निघाला. तुमच्या शिकवण्याबद्दल आणि त्याहून अधिक, मला चारचौघांत न टोकता बाजूला घेऊन सांगितल्याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे.

सरांना नमस्कार सांगावा. ते तपासणीला येतील तेव्हा जरा वर वॉर्डात येऊन जावे. ‘शॅल’ आणि ‘विल’ शिकवायचे राहिले आहे.

आपली नम्र,
रात्रपाळीची सिस्टर