थीम पार्कच्या गेटवर नाश्त्याचा डबा कशाला अडवता?

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या थीम पार्कांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, राइड्स कुठल्या, तिकीट केवढ्याला, गर्दी कधी कमी असते, सगळं छान दिलंय, पण एक गोष्ट त्यात कुठेच सापडली नाही. ज्या घरात आजी-आजोबा, त्यातला एक शुगरचा पेशंट आणि एक चार वर्षांचं पोर असे सगळे एकाच गाडीत कोंबून निघतात त्या घराला आधी तीच विचारावी लागते, की सकाळी खायचं काय आणि खायचं कुठे. मी आता चौसष्टची आहे, दोन्ही प्रकारची पार्कं बघून आलेय, परदेशातलं पण आणि इथलं पण, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, छापताना कापलंत तरी चालेल पण डब्याचं तेवढं ठेवा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही मुलाकडे अमेरिकेत होतो. नातवंडांना स्प्रिंग ब्रेकची सुट्टी होती म्हणून सगळे विमानाने फ्लोरिडात, ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला गेलो. १९७१ साली सुरू झालेलं हे प्रकरण, एकाच आवारात चार मोठी पार्कं, एकेक बघायला अख्खा दिवस पुरत नाही. मुलाने हॉटेलऐवजी जवळच किसिमीला स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं होतं, तिकडे बरीच कुटुंबं असंच करतात. मला आधी वाटलं की सुट्टीला आलोय आणि इथेही गॅससमोर उभं राहायचं का, पण खरं सांगते, त्या स्वयंपाकघरानेच ट्रिप सोपी केली. ऑर्लँडोत इंडियन ग्रोसरीची दुकानं आहेत, पहिल्याच संध्याकाळी जाऊन पोहे, रवा, शेंगदाणे, कणीक, दही सगळं आणलं. रोज सकाळी सहाला उठून मी दशम्या करायचे, दुधात भिजवलेल्या, म्हणजे दुपारपर्यंत मऊ राहतात, बरोबर शेंगदाण्याची चटणी, आणि धाकट्यासाठी तूप-गूळ लावून पोळीची सुरळी. सुरळी हातात धरून चालता चालता खाता येते, बशी नको, चमचा नको, सांडत नाही.

पहिल्या दिवशी गेटवर बॅगा तपासतात हे कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी डबा पर्सच्या तळाशी घातला, वर स्वेटर, त्याच्यावर छत्री. सूनबाईने ते बघितलं आणि डबा काढून सगळ्यात वर ठेवला, म्हणाली, आई, इथे चालतं. तपासणाऱ्या माणसाने स्टीलचा डबा बघितला, झाकण उघडायला लावलं, दशम्या बघितल्या आणि हसून पुढे जा म्हणाला. नियम एवढाच आहे की काचेच्या बाटल्या-बरण्या नकोत (बाळाच्या खाण्याची छोटी बरणी चालते), दारू नको, आत गेल्यावर गरम करावं लागेल असं काही नको, सुटा बर्फ नको. बाकी आपल्यापुरतं खायला काहीही न्या. आणि आतल्या खाण्याच्या काउंटरवर नुसतं पाणी मागितलं तर बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला फुकट देतात, काही विकत घेतलं नसलं तरी. ह्यांना मी दिवसभरात सहा-सात पेले आणून दिले असतील, फ्लोरिडाचं ऊन मार्चमध्येही चांगलंच लागतं.

आता जे लोक इथून तिकडे जाणार आहेत त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगते. सकाळी पार्क उघडतं तेव्हाचा पहिला तास-दीड तास सोन्यासारखा असतो, रांगा तेव्हाच सगळ्यात छोट्या. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलेल्यांना तर इतरांच्या अर्धा तास आधी आत सोडतात. तो वेळ आत जाऊन टेबलावर बसून नाश्ता करण्यात घालवू नका. मॅजिक किंगडमला, म्हणजे त्या चारातल्या किल्ल्याच्या पार्कला, तर गाडी लावली की तिथून बोटीने तळं ओलांडून नाहीतर मोनोरेलने तळ्याला वळसा घालून जायचं, म्हणजे पार्किंगपासून त्या किल्ल्यापर्यंत पोचायलाच पाऊण तास जातो. आम्ही गाडीतून उतरायच्या आधी अर्धी दशमी आणि दूध पोटात घालायचो, मग पटापट तीन-चार राइड, आणि साडेदहा-अकराला रांगा लांबल्या की सावलीतलं बाक बघून डबा उघडायचा. ते तळ्यातलं बोटीतून जाणं बघून मला आमचं एस्सेल वर्ल्ड आठवलं, मुलं लहान असताना गोराईच्या जेट्टीवर लाँचची वाट बघत आम्ही शिरा-पुरी खाल्ली होती, मुलाला अजून आठवतं ते.

बरं, ज्यांना स्वयंपाक नकोच आहे त्यांचं काय, तर डिस्नेच्या बाहेरच्या बऱ्याच हॉटेलांत खोलीच्या भाड्यात नाश्ता धरलेला असतो. आम्ही शेवटचे दोन दिवस अशा हॉटेलात होतो. तिथे वॉफलचं मशीन असतं, कागदी पेल्यात पीठ भरून घ्यायचं, तव्यावर ओतायचं, दांडा धरून तवा उलटा करायचा आणि दोन-अडीच मिनिटांनी टीं टीं वाजलं की काढायचं. नातवाने ते काम आपल्याकडे घेतलं, मागे उभ्या असलेल्या अनोळखी बाईचंही वॉफल त्यानेच उलटलं. पण त्या पिठात अंडं असतं आणि सॉसेज बहुतेक डुकराचं असतं, तेव्हा जे खात नाहीत त्यांनी विचारून घ्या, सिरीयल, केळी, दही, ब्रेड ह्यावर भागतं. निघताना एक केळं पर्समध्ये असू द्या.

आणि मुलांचा हट्ट असतो तो मिकी-मिनी टेबलाशी येऊन भेटतात त्या नाश्त्याचा. कंटेम्पररी नावाच्या त्यांच्या हॉटेलात, ज्याच्या पोटातून मोनोरेल जाते तिथेच, शेफ मिकीज म्हणून जागा आहे. साठ दिवस आधी बुकिंग उघडतं आणि भराभर भरतं. मोठ्या माणसाला पन्नास डॉलरच्या वर पडतात, टॅक्स आणि टिप वेगळी. तीन वर्षांखालच्याला फुकट, तीन ते नऊ मुलांचा रेट, आणि दहा पूर्ण झाली की मोठ्या माणसाचा. आमची नात नुकतीच दहाची झालेली, अर्धं वॉफल आणि चार स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या तिने मोठ्या माणसाच्या पैशात. तरी मी म्हणेन की एकदा करा, पण अख्ख्या ट्रिपमध्ये एकदाच, आणि वेळ शक्यतो उशिराची घ्या, साडेदहाची वगैरे, म्हणजे तोच नाश्ता आणि तेच जेवण होतं आणि सकाळचा रांगा कमी असण्याचा वेळ हातातून जात नाही. धाकटा गूफीला बघून आधी माझ्या पदरामागे लपला आणि नंतर पाच मिनिटांनी त्याचा हात धरून नाचत होता, त्याचे पैसे गेले म्हणून मला मुळीच वाईट वाटलं नाही.

आता इथलं सांगते. परत आल्यावर दिवाळीत मुलीच्या कुटुंबाबरोबर आपल्याच राज्यातल्या एका पार्कला गेलो. नाव लिहीत नाही कारण हे एकाच ठिकाणचं नाही, बाहेरचं खाणं आणू नका ही पाटी बहुतेक ठिकाणी आहे. घरातून पहाटे सहाला निघालो. ह्यांचं इन्शुलिन सकाळी असतं, त्यावर वेळेत खावं लागतं आणि मग तीन-चार तासांनी परत थोडं काहीतरी. सातला हायवेवरच्या हॉटेलात ह्यांनी इंजेक्शन घेऊन इडली खाल्ली, मुलांनी मिसळ मागितली ती मी दिली नाही, तर्री पोटात आणि वर उलटंपालटं करणारी राइड, नको रे बाबा. अकराच्या खाण्यासाठी धपाटे आणि दही असा डबा बरोबर होता. दहाच्या पुढे गेट उघडलं, आणि तिथे टेबलावर आमचा डबा काढून घेतला.

ते टेबल माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. तीन-चार स्टीलचे डबे, फॉइलमध्ये गुंडाळलेले पराठे, चिवड्याची अर्धी पिशवी, कुणाची तरी सोललेली संत्री, एका डब्यावर पेनाने आडनाव लिहिलेलं. बाळाची दुधाची बाटली तेवढी सोडत होते. मी गार्डला सांगितलं की माणूस शुगरचा आहे, इन्शुलिन घेतलंय, तो पोरगा पंचवीसचाही नसेल, म्हणाला, मावशी, मला कळतंय हो, पण माझ्या हातात नाही, डॉक्टरचा कागद असेल तर साहेबांना विचारतो. कागद नव्हता. दिवाळीच्या सहलीला प्रिस्क्रिप्शन घेऊन कोण जातं? चूक माझी असेल तर ती एवढीच, आणि आता मी तो कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवलाय, तुम्ही पण ठेवा. आत गेलो तर खाण्याचे स्टॉल अजून लागत होते, एकाचं शटर अर्ध्यावर, आतमध्ये माणूस कढईत तेल ओतत होता, म्हणाला अर्धा-पाऊण तास लागेल. साडेअकराला रांगेत उभे असताना हे एकदम गप्प झाले, कपाळावर घाम, हात थरथरायला लागले, शर्टाचं बटण धरायला जातात तर धरता येईना. पुढच्या कुटुंबातल्या एका बाईने पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून दिल्या. गेटवर त्या कशा सुटल्या देव जाणे. दहा मिनिटांत माणूस परत बोलायला लागला, पण ती दहा मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत, आणि मुलगी तिथेच भिंतीला टेकून रडत होती.

मला माहीत आहे की कायदा मालकाच्या बाजूने आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिनेमागृहांबद्दल सांगितलं की बाहेरचं खाणं बंद करायचा हक्क मालकाला आहे, फक्त पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्या आणि तान्ह्या बाळांचं खाणं आणू द्या. पण सिनेमा अडीच-तीन तासांचा असतो, संपला की माणूस घरी जातो. पार्कमध्ये सकाळी दहाला शिरलेला माणूस संध्याकाळी सहा-सातला बाहेर पडतो, मधे बाहेर जाऊन खायचं तर आसपास काही नसतं, एवढा वेळ माणसाला तुमच्याच स्टॉलवर खा म्हणून बांधून ठेवायचं हे सिनेमासारखं कसं होईल.

आणि बदल होत नाही असं नाही. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये पण बाहेरचं खाणं बंद होतं. २०१९ साली कायदा शिकणाऱ्या एका मुलीने तिच्या बॅगेतला खाऊ गेटवर अडवला म्हणून कोर्टात दावा लावला, जेमतेम पन्नास युआनचा विषय होता, पण तिकडच्या लोकांनी तिची बाजू उचलून धरली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पार्कने नियम बदलला, स्वतःपुरतं खाणं आणायला परवानगी दिली, फक्त गरम करावे लागणारे आणि उग्र वासाचे पदार्थ नकोत. पार्क काही बंद पडलं नाही.

मला दावा लावायचा नाही, मला पार्कवाल्यांना विनंती करायची आहे. तुमच्या स्टॉलवर लोक खाणारच आहेत, दुपारी भूक लागली की मुलं पिझ्झा मागणारच, आइस्क्रीम मागणारच, आम्ही तेही घेऊन देतो. पण सकाळचा एक डबा, अकरापर्यंतचा, तेवढा आत येऊ द्या. तेवढंही जमत नसेल तर गेटच्या आतल्या बाजूला शेड आणि चार बाकं टाका, हात धुवायला नळ द्या, डबा तिथेच खाऊन रिकामा करून पुढे जाऊ. गरोदर बायका, शुगरचे पेशंट आणि पाच वर्षांखालची मुलं ह्यांच्या खाण्याला कागद मागू नका. नाश्त्याचा एक तरी स्टॉल गेट उघडायच्या आधी सुरू करा, इडली, उपमा, केळी, दूध एवढंच असलं तरी पुष्कळ झालं. आणि काय चालतं काय चालत नाही ते वेबसाइटवर मराठीत, तिकीट काढायच्या पानावरच मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे पहाटे पाचला उठून धपाटे थापलेल्या बाईला ते गेटवर कळणार नाही.

येत्या मे महिन्यात नात आणि नातू अमेरिकेहून येतायत, त्यांना इथलं पार्क बघायचंय. नातीने फोनवर विचारलं, आजी, दशमी नेता येईल ना आत? मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. हे पत्र छापून आलं आणि एखाद्या पार्कवाल्याने मे महिन्याच्या आधी होय म्हटलं तर तिकीटं त्याच पार्कची काढू, आम्ही नऊ जण आहोत.

आपली नियमित वाचक,
एक आजी, चिंचवड