तुझे मासे मीच मारले

प्रिय शुभे,

चार महिने झाले, तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही. कारणं लिहीत नाही. तू ती वंदीला नाटकी आवाजात वाचून दाखवशील. तब्येत ठीक. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे, बाकी काही नाही.

लिहायला बसले ते एका कबुलीसाठी. हॉस्टेलच्या खोलीतले तुझे मासे मीच मारले.

थांब, पत्र फाडू नकोस. सुरुवातीपासून सांगते.

यंदा मी गच्चीत मासे आणि भाजी एकत्र वाढवायचा घाट घातलाय. ॲक्वापोनिक्स म्हणतात त्याला. खाली २०० लिटरची टाकी, वर जवळपास तेवढाच खडीने भरलेला वाफा, ३० सेंटिमीटर खोल. माती औषधालाही नाही. पंप टाकीतलं पाणी वर सोडतो, वाफा भरला की बेल सायफन, म्हणजे टोपी घातलेली उभी नळी, ते एका दमात खाली ओढतो. शेवटी असा आवाज येतो, की घरचे म्हणतात गच्चीत कुणीतरी गुळण्या करतंय. तासाला टाकीभर पाणी फिरेल एवढा पंप हवा, तो हिशेब करूनच आणला. खडीसुद्धा तपासली. वाटीत मूठभर घेऊन वर व्हिनेगर ओतलं, तर सोड्यासारखी फसफसली! म्हणजे चुनखडी. ती विरघळत राहते, पाण्याचा पीएच चढतो, आणि चढत्या पीएचला अमोनिया माशांना जास्त बाधतो. पोतंच्या पोतं परत केलं. होय, मीच. जिला तू ‘घाईचं गाढव’ म्हणायचीस ती.

गाढवपणा त्यानंतर केला. दोन दिवस पाण्यात हवा सोडली, क्लोरीन उडून गेलं, आणि तिसऱ्या दिवशी बारा गोल्डफिश सोडून मोकळी झाले. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं गं. तीच तर गोम. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटत राहतो. खडीवर एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि पालकाला हवं असतं ते नायट्रेट. पण ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. शहाणी माणसं तोवर मासे आणतच नाहीत, रिकाम्या टाकीत थोडा थोडा अमोनिया घालून वाट बघतात. मी आयुष्यात कशाची वाट बघितली आहे? (लग्नाचं काढू नकोस.)

आज एकोणिसावा दिवस. अमोनिया उतरला, त्याच्या तपासणीच्या नळीतलं पाणी हिरव्याचं पुन्हा पिवळसर झालं तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होते. आता नायट्राइट चढलंय. त्याच्या तपासणीची नळी निळी राहायला हवी, तर रोज सकाळी जांभळी. मासे पाण्याच्या वर तोंड काढून ‘आ’ करतात. पाण्यात हवा भरपूर आहे, पण नायट्राइटमुळे रक्तच प्राणवायू नेईनासं होतं. म्हणे कल्ले तपकिरी दिसायला लागतात. मंगळवारी एक गेला. मी त्याचा कल्ला उघडून पाहिला. लाल नव्हता. चॉकलेटी म्हणावा असा होता. त्यानंतर मला रात्री झोप नाही. दोनदा उठून टॉर्च घेऊन अकरा मोजून येते. खाणं बंद ठेवलंय, रोज एक तृतीयांश पाणी बदलते, लिटरला एक ग्रॅम साधं मीठ घातलंय. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. पालकाने ते मुकाट्याने सोसलंय, त्याचा स्वभाव तुझ्यासारखा नाही.

तर तो चॉकलेटी कल्ला बघताना मला आपली खोली आठवली. दिवाळीची सुट्टी, तू गावी, आणि मी तुझ्यावर उपकार म्हणून टाकी घासली. फिल्टरचा तो काळा, बुळबुळीत स्पंज नळाखाली धरून पिवळाधमक होईपर्यंत पिळला. पाणीही सगळं ताजं भरलं. चार दिवसांत पाचही मासे उलटे. मी तुला काय सांगितलं? ‘खिडकीतून गार वारा आला.’ तू खिडकीवरून बाईंशी भांडलीस, मग माझ्याशी, आणि आपण महिनाभर बोललो नाही. तेव्हा मला वाटत होतं, मी खोटं बोलतेय ते फक्त खाणं जास्त घातल्याबद्दल. सत्तावीस वर्षांनी कळतंय, की तो बुळबुळीतपणा म्हणजे याच जिवाणूंची वस्ती, तोच त्या टाकीचा जीव होता आणि नळाच्या क्लोरीनने मी तो धुऊन काढला. स्वच्छतेचं बक्षीसही मागितलं होतं तुझ्याकडे!

तुझ्या घराचं काम संपलं का? आईंचे गुडघे? लेकीचा निकाल लागला असेल, कळव. तिला माझ्याकडून शाबासकी, जो लागला असेल त्याबद्दल.

आता मागणं. तुझी मोठी टाकी अजून चालू आहे ना, आणि त्यात कुणी आजारी नाही ना? मग तुझ्या फिल्टरमधला सगळ्यात मळका स्पंज मला दे. डब्यात तुझ्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, झाकण सैल ठेवून. वंदी परवा तुझ्याकडून निघणार आहे, तिच्या हातात दे आणि तिला बजाव, की वास आला तरी उघडून धुवायचा नाही. मी तर धुणार नाहीच. शप्पथ.

तुझीच,
माधवी