‘हायपरटेन्शन’ म्हणजे डोक्याचं टेन्शन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्याच्या बातमीत ‘हायपरटेन्शन’ हा शब्द छापून येतो, तेव्हा कितीतरी वाचकांच्या मनात वाढलेला रक्तदाब हा त्याचा अर्थ येतच नाही. मराठीत टेन्शन म्हणजे काळजी, डोक्याला ताप. मुलीच्या लग्नाचं टेन्शन, हप्त्याचं टेन्शन. त्यामुळे केसपेपरवर हा शब्द दिसला की माणूस म्हणतो, “मला कसलं टेन्शन नाही, गोळी कशाला?” त्याहून वाईट म्हणजे लग्न पार पडलं, टेन्शन गेलं, म्हणून गोळी बंद. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता ‘ताणणे’. इथे ताण आहे तो रक्तवाहिनीच्या भिंतीवर. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून दाब १४०/९० किंवा त्याच्या वर भरत राहिला, तर मन कितीही शांत असो, ते हायपरटेन्शनच. आणि दुखत-खुपत काही नसल्यामुळे मोजल्याशिवाय ते कळत नाही.

नर्सिंगच्या आणि लॅब टेक्निशियनच्या मुलांना आम्ही हे शब्द पाठ करायला लावत नाही, तोडायला लावतो. बहुतेक वैद्यकीय शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात. डोकं, धड आणि शेपूट. धड अवयव सांगतं, शेपूट काय झालं किंवा काय केलं ते सांगतं, आणि डोकं कमी-जास्त, आत-बाहेर, भोवती असले तपशील देतं. ‘पेरिकार्डायटिस’ शेपटाकडून वाचा: ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘कार्ड’ म्हणजे हृदय, ‘पेरि’ म्हणजे भोवती. हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह.

डोक्यातली सगळ्यात धोक्याची जोडी हायपर आणि हायपो. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. फोनवर, वॉर्डातल्या गलक्यात शेवटचा ‘पर’ की ‘पो’ नीट ऐकूच येत नाही, आणि उपचार मात्र एकदम उलटे. मधुमेहाच्या माणसाची साखर ७० च्या खाली गेली, तो घामाघूम झाला, हात थरथरायला लागले, तर तो ‘हायपो’. शुद्धीवर असेल तर लगेच १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हेच कुणी ‘हायपर’ ऐकलं आणि इन्सुलिन टोचलं, तर जीव जाऊ शकतो. म्हणून निरोप देताना नुसतं ‘हायपो झालंय’ म्हणू नये. ‘साखर कमी झालीय’ म्हणावं आणि आकडा सांगावा.

थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये हीच जोडी आणखी फसवते. टीएसएच समोर ९.८ आणि शेजारी ‘एच’ छापलेलं असतं. एच म्हणजे हाय, म्हणून घरभर बातमी होते, “थायरॉइड वाढलाय.” प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो कमी पडत असतो. टीएसएच हे थायरॉइडचं नव्हे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचं संप्रेरक. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुस्त झाली की पियुषिका तिला जास्त जोराने हाका मारते आणि टीएसएच चढतं. म्हणजे टीएसएच जास्त, थायरॉइड कमी, नाव हायपोथायरॉइड. गोळी थायरॉक्सिनची. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर. टीएसएच उतरलं म्हणजे गोळी लागू पडली. ‘थायरॉइड उतरला’ म्हणून ती बंद करायची नसते. शेजारणीचा थायरॉइड ‘हायपर’ असेल, तर तिची गोळी नेमकी उलट काम करणारी असते.

आता शेपटाकडे. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणं, ‘ऑटमी’ म्हणजे चिरणं, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे नवं तोंड तयार करणं. कोलेक्टमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात. कोलोस्टॉमीत त्याचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावतात.

आणि याच ‘पिशवी’ शब्दाने बायांचं फार नुकसान होतं. विडी कामगारांच्या घरकुलात काय किंवा ऊस पट्ट्यातल्या गावात काय, “पिशवी काढली” एवढंच बाई सांगते. डिस्चार्ज कार्ड पाहावं लागतं. ‘हिस्टरेक्टमी’ म्हणजे गर्भाशय काढलं. त्याआधी ‘टोटल’ असेल तर गर्भाशयाचं मुखही गेलं. ‘सबटोटल’ असेल तर मुख राहिलं, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी पुढेही करत राहावी लागते. ‘टोटल’मध्ये बीजकोष, म्हणजे अंडाशय, येत नाहीत. ते काढले असतील तर ‘ऊफोरेक्टमी’ हा शब्द वेगळा लिहिलेला असतो, आणि दोन्ही बाजूंचे काढले असतील तर त्याच्या आधी ‘बायलॅटरल’. बीजकोष ठेवले काय किंवा काढले काय, पाळी थांबतेच, त्यामुळे नुसत्या पाळीवरून बाईला फरक कळत नाही. पण पाळी जायच्या वयाआधीच दोन्ही बीजकोष गेले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, अंगातून गरम वाफा निघतात आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. त्यावर डॉक्टरांशी बोलायला हवं, आणि त्यासाठी काय काढलं हे आधी माहीत हवं. ते कार्ड आणि काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट जन्मभर जपून ठेवावा.

शेपटावर डोळे झाकून विसंबूही नये. ‘ओमा’ म्हणजे गाठ. तो दिसला की कॅन्सर समजून घरात रडारड सुरू होते. लायपोमा ही चरबीची साधी गाठ, लिम्फोमा हा कॅन्सर, आणि ग्रॅन्युलोमा ही दाहाची गाठ. आपल्याकडे ग्रॅन्युलोमामागे बऱ्याचदा टीबी निघतो, आणि तो पूर्ण औषधाने बरा होतो. शेपूट तेच, पण तीन वेगळ्या वाटा.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणं आहे. असे शब्द छापताना लगेच साधा मराठी अर्थ द्यावा, पण तो नेमका असावा. ‘हेपॅटायटिस’ला काविळ लिहितात, तो यकृताचा दाह आहे, काविळ हे त्याचं एक लक्षण, आणि ते प्रत्येकात दिसतंच असं नाही. दुसरं, नुसत्या देवनागरी लिपीने काम भागत नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड या दोन्हींची इंग्रजी नावं मराठीत ‘इलियम’ अशीच छापली जातात. तिथे ‘आतड्याचा’ की ‘कमरेचं’ हा एक शब्द सोबत हवाच. सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड, रस्त्यावर मराठी आणि हातात इंग्रजी रिपोर्ट अशी हजारो घरं आहेत. त्यांच्यासाठी रोज एक शब्द तोडून दिलात, तर चौकटीला दहा ओळींहून जास्त जागा लागणार नाही.

आपले,
वैद्यकीय परिभाषा शिकवणारे दोन शिक्षक,
सोलापूर