गाडी बघितली आहे, अर्थिंग तुमच्याकडे

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय पुढे सरकत नाही. बाबा दोन मिनिटांत "बघ बाई, तुझं तू" म्हणून मोकळे होतात आणि आई फोन घेऊन जेवलीस का विचारते. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. सावकाश वाचा, आणि विट्याच्या मामांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा. त्यांच्या मुद्द्यांची उत्तरंही यातच आहेत.

दादाने तुम्हाला बातमी दिली ती अशी: "आलिशान गाडी घेतेय, विजेवरची, आणि तीही सेकंडहँड." तिन्ही शब्द खरे आहेत, पण त्याने ज्या क्रमाने सांगितले त्यात घात झाला. खरं तर सेकंडहँड पहिलं यायला हवं होतं. तेवढ्याचसाठी ही गाडी मला परवडते आहे.

गाडी व्होल्वोची, एक्ससी४० रिचार्ज. कंपनी मूळची स्वीडनची. तिची मालकी २०१० पासून चीनच्या गीलीकडे आहे हेही सांगून टाकते, नाहीतर मामा शोधून काढतीलच. आपल्याकडची गाडी बंगळुरूजवळ होसकोटेच्या कारखान्यात जोडली जाते. जुलै २०२२ मध्ये ती आली तेव्हा शोरूमची किंमत होती ५५ लाख ९० हजार. मी बघितलेली गाडी त्याच वर्षाच्या शेवटी नोंदवलेली, अडतीस हजार किलोमीटर चाललेली, एकाच मालकाची. मागतात एकतीस लाख. अजून थोडं खाली येईल असं वाटतं, कारण ती बरेच दिवस विकली गेलेली नाही.

किंमत एवढी उतरते म्हणजे गाडीतच काहीतरी खोट असणार, हा बाबांचा पहिला प्रश्न. मलाही तोच पडला होता. बरंच विचारल्यावर कळलं की खोट गाडीत कमी आणि बाजारात जास्त आहे. अशा गाड्या बऱ्याचदा कंपन्यांच्या किंवा धंदेवाल्यांच्या नावावर घेतल्या जातात, कारण आयकरात विजेच्या गाडीवर वर्षाला चाळीस टक्के घसारा दाखवता येतो. तीन वर्षांत कागदावरची किंमत पार उतरते, मग मालकाला नवी हवी असते. दुसरीकडे नव्या ई-गाडीवर जीएसटी फक्त पाच टक्के, त्यामुळे नवीच फार महाग वाटत नाही आणि जुनीची किंमत आणखी दबते. त्यात बॅटरीची भीती. घेणारे कमी, विकणारे जास्त, हळदीच्या बाजारात काय होतं ते मी तुम्हाला काय सांगणार!

आता बॅटरी. मामा म्हणाले, "वापरलेला मोबाइल घेतलास तर दिवसातून तीनदा चार्ज करावा लागतो, हे तसंच." उदाहरण चांगलं आहे, पण मोबाइलच्या बॅटरीला गार ठेवायला काहीच नसतं आणि आपण ती रोज शून्यावर आणून पुन्हा शंभरावर नेतो. या गाडीची बॅटरी ७८ युनिटची आहे, तिच्याभोवती कूलंट म्हणजे गार ठेवणारं द्रव फिरतं, आणि वरचा-खालचा थोडा भाग कंपनी वापरूच देत नाही. रोज ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोयही आहे. झिजते ती, पण हळू. शिवाय बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आहे, म्हणजे २०३० च्या अखेरपर्यंत. ती मालकाच्या नावाने नसून गाडीला चिकटलेली असते. तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून ते लेखी घेतल्याशिवाय मी बयाणा देणार नाही.

त्याआधी बॅटरीची तब्येत तपासायची. त्याला सगळे एसओएच म्हणतात, म्हणजे स्टेट ऑफ हेल्थ. नवी असताना जेवढी वीज मावत होती, तिच्या किती टक्के आता मावते, एवढाच त्याचा अर्थ. एका व्यापाऱ्याकडे दुसरीच एक गाडी आवडली होती, चकाचक, वरून पॉलिश मारलेली. एसओएचचा रिपोर्ट मागितला तर म्हणाला, "मॅडम, गाडी बघा ना, रिपोर्ट काय बघता!" तिथूनच परतले. या गाडीच्या मालकाने मात्र स्वतः सर्व्हिस सेंटरला नेऊन तपासायला हरकत घेतली नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालून बॅटरीचं कवच कुठे चेपलंय का तेही बघणार आहे, कारण आपल्याकडचे स्पीडब्रेकर कोणत्या नियमात बसतात ते देवालाच ठाऊक.

आणखी एक तपासणी तुम्हीच शिकवलेली. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागातल्या किती गाड्या बुडाल्या आणि नंतर धुऊन-पुसून कुठे कुठे विकल्या गेल्या, ते बाबा अजून सांगतात. पुण्यातही नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरतं. म्हणून मी प्रत्येक गाडीत आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघते. वरचा भाग कोणीही धुतो, पण गुंडाळीच्या आत राहिलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच असते. मग सीट मागे सरकवून रुळांच्या खाचेत बोट फिरवायचं, आणि डिकीतली चटई उचलून वास घ्यायचा. मालक माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होते. त्यांना काय माहीत, सांगलीच्या माणसाला पुराच्या गाळाचा वास झोपेतही ओळखता येतो. गाडी कोरडी निघाली.

दुसऱ्या गाड्याही बघितल्या, एकीवरच अडून बसले असं समजू नका. ह्युंदाईची आयोनिक ५ आईला आवडली असती, आत दिवाणखान्याएवढी जागा आहे. पण तिच्यात आणि किआच्या ईव्ही६ मध्ये छोटी बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करणाऱ्या भागात दोष निघाल्याने २०२४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी भारतातल्या मिळून अडीच हजारांवर गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. दुरुस्ती फुकट झाली, तेव्हा गाडी वाईट असं मी म्हणणार नाही. फक्त जुनी घेताना ते काम झाल्याचा कागद हवा, आणि मला सापडलेल्या गाडीबरोबर तो नव्हता. जर्मन गाड्यांकडे गेलेच नाही. घ्यायला पैसे जमवले असते, पण एक आरसा तुटला तर बिल बघून बाबांचं बीपी वाढलं असतं.

सांगलीपर्यंत पोचणार का? पोचणार. कागदावर तिची रेंज ४१८ किलोमीटर आहे, ती युरोपातल्या चाचणीची. हायवेवर एसी लावून, खंबाटकी चढून तीनशेच्या थोडं वर धरायची. पुणे-सांगली सव्वादोनशे-अडीचशेच्या मध्ये, म्हणजे घरून भरून निघाले की पेठ नाक्यावर उतरेपर्यंत काळजी नाही. तरी वाटेत साताऱ्याला किंवा कराडला फास्ट चार्जरवर वीस मिनिटं थांबेन. तुम्ही बरोबर असलात की आईला तसंही कुठेतरी उतरायचंच असतं. फास्ट चार्जरवर युनिटला वीस-पंचवीस रुपये पडतात, घरी त्याहून बरेच कमी. शंभर किलोमीटरला साधारण वीस युनिट लागतात. पंधरा रुपये युनिट धरलं तरी तीनशे रुपये झाले. एवढ्याच ताकदीची पेट्रोलची गाडी त्याच अंतराला हजार रुपये पिते.

बाबा, तुम्ही पेपरात तीस लाखांवरच्या ई-गाड्यांवर सहा टक्के कर लागणार असं वाचलं होतं. तो प्रस्ताव २०२५ च्या अर्थसंकल्पात आला होता आणि त्याच महिन्यात मागे घेतला. टोल भरावाच लागेल हे मात्र तुमचंच खरं. ऑगस्ट २०२५ पासून माफी आहे ती अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. आपल्या वाटेवरच्या खेड शिवापूर, आणेवाडी आणि तासवडेला पैसे भरायचे आणि वर रस्त्याचं काम चालू म्हणून डायव्हर्जनही सोसायचं. नेहमीचंच.

पैशाचं सांगते. सोळा लाख माझे साठवलेले आहेत, पंधरा लाखांचं कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त लागतं, साडेदहा टक्के धरून पाच वर्षांचा हप्ता बत्तीस हजारांच्या आसपास जातो. तो माझ्या पगारात बसतो. "एवढ्यात सांगलीत विश्रामबागेत फ्लॅटचं बुकिंग झालं असतं" हे आईचं वाक्य मला पाठ आहे. झालं असतं. पण मला आत्ता फ्लॅट नकोय, आणि गाडी हवीय. हौस आहे, ती मी सोयीच्या नावाखाली लपवणार नाही. सोयही आहेच. आईला माझ्या आत्ताच्या गाडीत खाली वाकून बसावं लागतं आणि मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत कंबर धरते. या गाडीची सीट उंच आहे, सरळ टेकून बसता येतं. पण फक्त तेवढ्यासाठी एकतीस लाख कोणी घालत नाही, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही.

आई, नंबरप्लेट हिरवी असते म्हणून ती सरकारी गाडी नव्हे. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेव. आणि चालू केल्यावर आवाज येत नाही, तेव्हा गाडी मागे घेताना अंगणात कोणाला उभं राहू देऊ नकोस.

आता बाबांसाठी. मला खरी मदत इथे लागणार आहे. पुण्यात सोसायटीने चार्जरला परवानगी दिली आहे, तिथला प्रश्न मिटला. सांगलीच्या घरी सध्या मागच्या खोलीतल्या पंधरा अँपियरच्या प्लगवरून काम भागवायचं म्हटलं तर तासाला अडीच-तीन युनिट जातील. रात्रभरात सव्वाशे किलोमीटरपुरती वीज भरेल. दोन रात्री राहिले तर परतीचं भागतं, एक रात्र राहिले तर नाही. पण त्याहून मोठी अडचण अर्थिंगची. या गाड्या चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासतात. ते कच्चं असेल, न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज दिसत असेल, तर लाल दिवा लावून गप्प बसतात. आपल्या घराचं अर्थिंग आजोबांच्या काळातलं आहे. टेस्टर लावला की न्यूट्रलमध्येही मिणमिणतो हे मी लहानपणापासून बघते आहे.

वीज बोर्डात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे मी शिकवायला नको. नवा खड्डा कुठे घ्यायचा, पाइप की प्लेट, तारेची जाडी किती, तुम्हीच ठरवा. मला वाटतं जिन्याखाली घेऊ नये, पूर आला की तिथे आधी पाणी येतं. चार्जरचा डबा तर पोर्चच्या खांबावर छातीएवढ्या उंचीला लावायचा, त्याच्यासाठी वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की बंद पडणारी) आणि आरसीसीबी (वीज गळली की बंद पडणारी). सिंगल फेजवर सात किलोवॉटचा चार्जर चालेल असं इथला इलेक्ट्रिशियन सांगतो, पण वर गीझर आणि पंप लागला की काय होईल ते तुम्हाला दिसतंच आहे. थ्री फेज घेतलं तर अकरा किलोवॉटने रात्रीत गाडी भरते. मंजूर भार वाढवायचा अर्ज करायचा का, आणि तो खर्च मागे निघेल का, हा निर्णय तुमचा. खर्च माझा.

पावसाळ्याचं मी ठरवून ठेवलंय. आयर्विनवर चाळीस फूट ही इशारा पातळी, पण मी तिथवर थांबणार नाही. कोयनेतून विसर्ग वाढला आणि पाणी तिशीत गेलं की गाडी सांगलीत ठेवायचीच नाही. तुम्हीही तेव्हा बॅग भरून बरोबर निघायचं. २०१९ ला "अजून लांब आहे पाणी" म्हणत वरच्या मजल्यावर बसून राहिलात, तसं या वेळी नको.

बयाणा पुढच्या आठवड्यात द्यायचा विचार आहे, रिपोर्ट चांगला आला तर. नाही आला तर दुसरी बघेन, घाई नाही. फॉर्म २९, ३० आणि मालकाच्या बँकेची कर्जफेड झाल्याचा ३५ नंबरचा फॉर्म हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देणार नाही. मालकाच्या मोबाइलमधल्या ॲपवरून गाडी काढून माझ्या नावावर जोडून घ्यायची आहे, नाहीतर गाडी माझ्या दारात आणि तिची कुलपं त्याच्या हातात असा प्रकार व्हायचा.

बाबा, महिन्याच्या बिलाचा फोटो पाठवा. त्यावर मंजूर भार किती लिहिलाय ते मला हवंय. मीटरच्या पेटीचाही एक फोटो काढा, दार उघडून, आतल्या वायरी दिसतील असा. दादाला काढायला सांगू नका, तो अंगठा मध्ये आणतो.

आईला नमस्कार, तुम्हालाही.

तुमची,
धाकटी