मोठं मॉस्किटो करायला घेतोयस म्हणून

प्रिय अन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच मिळालं. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मॉस्किटो विमानाचं १/३२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं मॉडेल करायला किट घेतलंस हे वाचून खरंच आनंद झाला. पण लगेच पुढच्या ओळीत तू लिहिलंयस, "१/७२ मध्ये केलंच आहे, हे फक्त मोठं आहे." बाबा रे, गडबड त्या 'फक्त'मध्ये आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नकोस.

साधा हिशेब बघ. खऱ्या मॉस्किटोच्या पंखांचा विस्तार साडेसोळा मीटर. १/७२ मध्ये तो तेवीस सेंटिमीटरच्या आसपास येतो, १/३२ मध्ये साडेएक्कावन्न. लांबी-रुंदी सव्वादोन पट वाढली, म्हणजे पृष्ठभाग पाच पट. छोट्या विमानावर एकसारखा रंग मारला तरी खपून जातो, कारण नजर एका दमात सगळं पाहते. इथे नजर पंखावरून फिरत राहते, आणि फिरायला काही सापडलं नाही तर ते विमान प्लॅस्टिकचं खेळणं वाटतं. सुटे भाग ढीगभर आहेत म्हणून तू धास्तावलायस, पण भागांचं काय, ते वेळ खातात आणि संपतात. खरा प्रश्न त्या मोकळ्या जागेचा आहे.

त्यात तू निवडलंस मॉस्किटो! दुसरं एखादं धातूचं विमान असतं तर पत्र्यांचे जोड, रिव्हेटच्या ओळी असा काहीतरी आधार मिळाला असता. हे लाकडाचं. बाहेर-आत बर्चचा प्लायवूड, मध्ये बाल्साचं हलकं लाकूड, आणि वरून कापड ताणून रंगवलेलं. अंग अगदी गुळगुळीत. गंमत अशी की खऱ्या विमानाचं धडही तुझ्या किटसारखंच व्हायचं: डावा अर्धा आणि उजवा अर्धा वेगवेगळ्या साच्यांवर करायचे, बरीचशी आतली जोडणी उघड्या अर्ध्यांतच उरकायची आणि मग दोन्ही एकमेकांना चिकटवायचे. म्हणजे कारखान्यातल्या कामगारांनी जे केलं तेच तू टेबलावर करणार आहेस. फरक इतकाच की त्यांचा सांधा कापडाखाली जायचा, तुझा तुलाच घालवायचाय.

तेव्हा धडाच्या सांध्यावर घाई करू नकोस. आधी गोंद न लावता दोन्ही अर्धे नीट जुळवून बघ, आतला कॉकपिटचा भाग मध्ये ठेवून. बरेचदा अडतं ते आतल्याच एखाद्या कोपऱ्यावर, आणि आपण उगाच बाहेरून दाबत बसतो. मग पातळ गोंद ब्रशने सांध्याला नुसता टेकव, तो स्वतःच आत ओढला जातो. हलका दाब दिलास की विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येईल. ती पुसू नकोस, तिथेच कडक होऊ दे. दोनेक दिवसांनी ४०० चा पॉलिश पेपर, मग ६००, मग १०००, सगळे पाणी लावून. त्यावर करड्या प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) हात दे आणि दिवा आडवा धर. समोरून उजेड पाडला तर सांधा हटकून लपतो. कडेने पाडलास की उरलीसुरली रेघ उठून दिसते. दिसली की पुन्हा पुट्टी, पुन्हा पेपर. कंटाळवाणं आहे, पण या विमानात इथेच निम्मी लढाई आहे.

इंजिनांची झाकणं उघडी ठेवायची की बंद, असं विचारलंयस. माझं मत स्पष्ट आहे: एक उघडं, एक बंद. मर्लिन इंजिन एवढं मेहनतीने रंगवून कायमचं झाकायचं म्हणजे जिवावर येतं, आणि दोन्ही उघडी ठेवली तर विमानाचा डौलच जातो. झाकणं काढता-घालता येतील अशी ठेवणार असशील तर रंगाआधी त्यांच्या कडा किंचित घासून घे. प्रायमर, रंग, वार्निश असे थर चढत गेले की जी झाकणं आधी चपखल बसत होती तीच अडायला लागतात.

आता रंग. कॉकपिटचा करडा-हिरवा आणि यंत्रांच्या तबकड्या तुला येतात, त्यावर शाई घालवत नाही. बाहेरून फायटर-बॉम्बर करणार असशील तर वर डार्क ग्रीन आणि ओशन ग्रे, पोटाला मीडियम सी ग्रे. आधी पोट, मग वरचा करडा, हिरवा शेवटी. पण त्याआधी प्रायमरवर काळपट, तपकिरी, पांढुरके असे वेडेवाकडे ठिपके आणि नागमोडी रेघा मारून घे. बघणाऱ्याला वाटेल, पोराने खराब केलं. मग मूळ रंग एवढा पातळ कर की तो दुधासारखा वाहील, एअरब्रशच्या (रंग फवारायच्या पेनाच्या) हवेचा दाब पंधरा पीएसआयच्या आसपास, तो पृष्ठभागापासून चार-पाच बोटांवर, आणि अर्धपारदर्शक थर चढवत जा. खालचे डाग पुरते बुजायच्या आत हात आवर. कधी थांबायचं हे कुठल्याच पुस्तकातून कळत नाही. जरा लांब जाऊन बघायचं. डाग वेगळे दिसले तर आणखी एक थर, नुसती जाग असल्यासारखी वाटली तर पुरे. हे जमलं की मोकळ्या जागेची भीतीच उरत नाही. आणि हो, मास्क लाव, साधा कापडी नव्हे, वाफा अडवणारा. खिडकीही उघडी ठेव.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: पंखांवर चंदेरी टवके काढू नकोस. झीज दाखवायची म्हणून सगळे स्पंज घेऊन चांदी ठोकत सुटतात. अरे, लाकडाच्या विमानातून ॲल्युमिनियम कुठून दिसणार? इंजिनांची झाकणं धातूची, तिथे स्क्रूंच्या आसपास थोडं कर. बाकी ठिकाणी रंग विटलेला, तेलकट, पायांनी मळलेला दाखव. एक्झॉस्टची काजळी, पोटाखाली तोफांच्या तोंडाशी धूर, एवढ्यावर भागतं.

डिकल, म्हणजे खुणांचे पाण्याने चिकटणारे चित्रकागद, लावण्याआधी ग्लॉस वार्निश हवंच, नाहीतर खरबरीत पृष्ठभागात हवा अडकून कडेला चकाकी येते. जून १९४४ चं, नॉर्मंडीच्या चढाईतलं विमान करणार असलास तर काळे-पांढरे पट्टे डिकलचे लावू नकोस, रंगव. दोन इंजिनांच्या विमानांवर एकेक पट्टा २४ इंचांचा असायचा, म्हणजे तुझ्या मापात १९ मिलिमीटर. पहिल्यांदा पांढरा मार, मग मास्किंग टेप, मग काळा. कडा थोड्या हललेल्या राहू देत. खरे पट्टे ऐन घाईत, बरेचसे हाताने ब्रश घेऊन मारलेले होते, पट्टीने आखल्यासारखे केलेस तर खोटे वाटतील.

हे सगळं नकोच असेल तर आणखी एक वाट आहे. भारत-ब्रह्मदेशाकडच्या मॉस्किटोंना १९४५ मध्ये उष्णतेपासून बचाव म्हणून सगळीकडून चंदेरी रंग द्यायचे. तिकडच्या दमट हवेत त्यांचे सांधेच सुटायला लागले होते. सुरुवातीच्या विमानांचा सरस केसीनचा, म्हणजे दुधापासून केलेला. पुढे रासायनिक सरस आला. तुझा सांधा पहिल्या खेपेला उघडला तर निदान परंपरेला धरून होईल! पण चंदेरी रंगात काहीच लपत नाही, पेपरचा एकेक ओरखडा दिसतो. तुझा धीर मला ठाऊक आहे, तेव्हा हिरवा-करडाच बरा.

प्रोपेलर, चाकांची झाकणं, ॲन्टेना सगळ्यात शेवटी. अर्ध्या मीटरचं धूड टेबलावर फिरवताना पहिला बळी त्यांचाच जातो. नाकात वजन भरायची गरज नाही, हे शेपटीच्या चाकावर बसणारं विमान आहे.

कुठल्या तुकडीच्या खुणा लावणार ते ठरलं की लगेच कळव, आणि प्रायमर मारल्यावरचा फोटो पाठव. रंगवलेला नको, प्रायमरचाच. दिवा आडवा धरून काढ.

तुझा,
विन्या

ता. क. कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाच्या, चौकटीवर बाहेरचा रंग देण्याआधी आतला करडा-हिरवा मार, म्हणजे काचेतून आत बघताना चौकट आतल्याच रंगाची दिसेल. काचा मास्क करायला एक अख्खी संध्याकाळ मोकळी ठेव, आणि ब्लेड नवं घे.