कासवाला पाणी लागतं

प्रति,
मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बिनत्रासाच्या पाळीव प्राण्यांवर लेख आला आहे. त्यातल्या माशांबद्दल आणि लव्हबर्डबद्दल मला काही म्हणायचं नाही. कासवाचा परिच्छेद मात्र दुरुस्त करायला हवा. ‘कासवाला पाणी फारसे लागत नाही, पालक-टोमॅटो-काकडी ते आवडीने खाते, आठवडाभर बाहेरगावी गेलात तरी चालते,’ असं त्यात लिहिलं आहे. मी ठाण्यात पाळीव प्राण्यांच्या एका दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. या तीन समजुतींपायी आजारी पडलेली कासवं आमच्या टेबलावर येत असतात, म्हणून हे पत्र.

कासव बहुतेकदा बुटांच्या खोक्यातून येतं आणि तक्रार ठरलेली असते, ‘खातच नाही हो चार दिवस झाले.’ डॉक्टर खाण्याकडे नंतर वळतात. आधी विचारतात, ‘पाणी कसं देता?’ घोडबंदरच्या टॉवरमधलं घर असो की कोपरीतलं, उत्तर येतं, ‘वाटी ठेवलीय की.’ वाटी ठेवलेली असते हे खरं. पण जमिनीवरचं कासव मान उंचावून वाटीच्या काठावरून पाणी पीत नाही. त्याला पाण्यात चालत जाता आलं पाहिजे. कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट थाळी सगळ्यात बरी. तिचा काठ बुटका असतो आणि मातीवर पाय घसरत नाहीत. खोल भांडं तर धोक्याचंच. त्यात कासव उलटं झालं तर बोटभर पाण्यातही बुडून मरतं.

थाळीच्या जोडीला आंघोळ हवी. जुनी परात घ्या, तिच्यात कोमट पाणी घाला. पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत पाणी आलं की पुरे, हनुवटी वर राहिली पाहिजे. त्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा, आणि शक्यतो सकाळी, म्हणजे दिवसभरात अंग कोरडं होतं. कासव पाणी पितं कसं हे बऱ्याच मालकांनी कधी पाहिलेलंच नसतं. पाण्यात ठेवल्यावर ते आधी थोडा वेळ गप्प राहतं. मग मान लांब करतं, नाकपुड्यांसकट तोंड पाण्यात घालतं आणि गळ्याखालची कातडी खालीवर हलू लागते. तहानलेलं कासव असं कितीतरी वेळ पीत राहतं. त्यानंतर बहुधा परातीतच शी-शू होते, तेव्हा पाणी लगेच बदलायचं. ही परात पुन्हा कणकेला घ्यायची नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून परात स्वयंपाकघराच्या सिंकमध्येही धुवू नये, आणि मुलांनी कासवाला हात लावला की साबणाने हात धुवावेत.

त्या शूकडे नीट बघायची सवय लावून घ्यावी, असं मी सगळ्यांना सांगते. कासव आपल्यासारखं सगळं पाण्यावाटे बाहेर टाकत नाही. त्याच्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः युरिक ॲसिडच्या क्षारांच्या रूपात, पांढऱ्या पदार्थातून बाहेर पडतो. पाणी वाचवण्याची ही निसर्गाची सोय आहे. तो पदार्थ मऊ, सरसरीत असेल तर काळजी नाही. ओल्या खडूच्या भुकटीसारखा खरखरीत लागला तर पाणी कमी पडतंय. असंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा धरतो. मग कासव मागचे पाय ओढत चालतं, खाणं सोडतं, आणि खडा मोठा असला तर शस्त्रक्रियेला कवच कापावं लागू शकतं. हे सगळं होईपर्यंत ते कुरकुरत नाही, ओरडत नाही. बिनत्रासाचं म्हणतात ते यालाच!

पाणी लागत नाही हा समज येतो वाळवंटामुळे. आपल्याकडे दुकानांत सर्रास दिसणारं सुल्काटा कासव सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या कोरड्या पट्ट्यातलं आहे. विक्रेता तेवढंच सांगतो. उन्हाच्या वेळी हे कासव स्वतः खणलेल्या बिळात जाऊन बसतं, बिळातली हवा दमट असते, आणि पावसाळ्यात कोवळं गवत खाऊन ते अंगात पाणी भरून घेतं, हे तो सांगत नाही. फ्लॅटच्या व्हिट्रिफाइड फरशीवर बीळ कुठलं? त्यात एसी लागला की हवा आणखी कोरडी होते. पिल्लांच्या कवचावर प्रत्येक खवल्याचं टेंगूळ वर येतं, त्याला बरेच मालक वाढीची खूण समजतात. व्हिएन्नातल्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली सुल्काटाच्याच पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेंगळं येण्यामागे खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा हवेतल्या कोरडेपणाचा वाटा मोठा, असं त्यात दिसलं. एकदा आलेली टेंगळं जात नाहीत. पिल्लाला एका कोपऱ्यात ओलसर माती किंवा कोकोपीट भरलेला, एका बाजूने उघडा खोका द्यावा. तो त्याचं बीळ होतो.

आता खाणं. सुल्काटा आणि त्याच्यासारखी गवताळ भागातली कासवं मुळात चरणारी आहेत. त्यांच्या पोटात गवताचा चोथा आतड्याच्या शेवटच्या भागात आंबतो, तिथले जंतू तो पचवतात. म्हणून ताटातला मोठा भाग, दहातला आठ-नऊ हिस्सा म्हणा, गवताचाच हवा. आणि गवत आपल्या आजूबाजूला मुबलक आहे. हरळी, म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा, कासवाला उत्तम. फक्त बाजारातल्या जुड्यांवर काय फवारलंय ते कळत नाही, आणि सोसायटीच्या लॉनवर माळी तणनाशक मारतो, तेव्हा त्याला विचारल्याशिवाय तिथलं गवत उपटू नये. गच्चीवर दोन ट्रेमध्ये हरळी लावली तर प्रश्नच मिटतो. तबेल्यात म्हशींना घालतात ते हिरवं गवत किंवा वाळलेलं गवतही चालतं. सोबत जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, काटे काढून फड्या निवडुंगाचा तुकडा. जास्वंदीचं लाल फूल दिसलं की मरगळलेलं कासवही बहुधा पुढे सरकतं.

पालकात कॅल्शियम आहे, पण त्याच्या जोडीला ऑक्झॅलेट हा त्रासदायक घटकही आहे. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, मग कवचाला आणि हाडांना काय मिळणार? चुका आणि अळू त्याच माळेचे. एखाद्या दिवशी पालकाचं पान पोटात गेलं म्हणून घाबरायला नको, रोजचं जेवण पालकाचं नको. काकडी आणि लेट्यूसमध्ये पाण्याखेरीज फारसं काही नाही, पोट भरतं आणि अंगी लागत नाही. टोमॅटो, कलिंगड, केळं, मे महिन्यात हापूसची साल, हे सगळं कासव आवडीने खातं यात शंका नाही. लाल-पिवळं आणि गोड दिसलं की ते धावतंच. पण साखरेने आतड्यातल्या जंतूंची घडी विस्कटते आणि जुलाब लागतात. आवडीने खातो हा निकष आपण आपल्या पोरांना लावत नाही, कासवाला मात्र लावतो. मोड आलेले मूग, पोळीचे तुकडे, कुत्र्याचं खाद्य, आणि काही घरांत श्रद्धेने भरवलेला दूधभात, यातलं काहीही या कासवासाठी नाही. जादा प्रथिनांचा भार मूत्रपिंडांवर पडतो, आणि पाणीही कमी असेल तर दोन्ही मिळून खडा होतो. सगळी कासवं मात्र एका मापाची नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या लाल पायांच्या कासवाला थोडं फळ चालतं. तेव्हा जात कोणती हे आधी डॉक्टरांकडून पक्कं करावं.

कॅल्शियमसाठी महागड्या डब्या घ्यायची गरज नसते. पक्ष्यांच्या दुकानात आणि काष्ठौषधीवाल्याकडे समुद्रफेस मिळतो, तो माकुलाच्या पाठीतला पांढरा भाग. तुकडा समोर टाकून ठेवा, कासव हवं तेव्हा कुरतडतं. पण कॅल्शियम अंगात जिरायला डी-३ जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांनी तयार होतं. हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. स्लायडिंगच्या काचा लावलेल्या बाल्कनीत छान ऊन येतं असं सांगणाऱ्या घरांतलीच मऊ कवचाची पिल्लं आमच्याकडे जास्त दिसतात. सकाळचं उघडं ऊन द्यावं, बाजूला सावलीची जागा ठेवावी. ठाण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये सूर्यच दिसत नाही, तेव्हा यूव्हीबीचा दिवा लागतो. साध्या पिवळ्या बल्बने नुसती ऊब मिळते. पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून कासवाला ओल्या थंड फरशीवरही सोडू नये, छाती भरते.

आठवडाभर बाहेर जाण्याबद्दल लिहायलाही नको वाटतं. मोठं कासव काही दिवस खाण्यावाचून तगेल, पण मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये पाण्यावाचून ठेवणं म्हणजे त्याचे हाल आहेत. गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे कुंडीला पाणी घालायची किल्ली देतो, तशीच परातीची सूचनाही द्यावी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. डोळे खोल गेले, तोंडात लाळेच्या चिकट तारा दिसल्या, किंवा वजन आठवड्यागणिक उतरत चाललं, तर वाट बघू नये.

पाण्यात राहणारं लाल कानांचं कासव, दुकानात पाच रुपयांच्या नाण्याएवढं मिळतं ते, याचं सगळंच वेगळं. ते पाण्यातच गिळू शकतं, जमिनीवर ठेवून भरवू नये. लहानपणी त्याला मांसाहार जास्त लागतो, मोठेपणी पाणवनस्पती आणि हिरवा पाला. वर्षभर नुसत्या वाळक्या कोळंबीच्या डबीवर ठेवलं तर अ-जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात आणि मिटतात. शिवाय ते नाण्याएवढं राहत नाही, जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. टाकी पुरेनाशी झाली की लोक ते रात्री जवळच्या तळ्यात सोडून येतात. हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. ठाण्याच्या तळ्यांना आधीच काय कमी त्रास आहेत?

शेवटचा आणि गंभीर मुद्दा लेखासोबतच्या फोटोचा. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्या असलेलं ते स्टार कासव आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटिस’ यादीतही पहिल्या परिशिष्टात. ते पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. ‘घरात ठेवलं की भरभराट होते’ असं सांगून चोरून विकलं जातं ते बहुतेकदा हेच. आपल्या पुरवणीतला फोटो बघून उद्या कुणी दुकानात तेच मागेल. ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी त्याला येऊरच्या जंगलातही सोडू नये. हे कोरड्या झुडपी माळरानावरचं कासव आहे, येऊरचा पाऊस त्याला सोसणारा नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून ते सोपवावं. सुल्काटासारख्या परदेशी कासवांच्या मालकांनाही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, हे दुकानदार सांगत नाहीत.

दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर यावी, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, आणि वन विभागाचा क्रमांक ठळक छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे